पाभरीखालची ओली माती

८ जून २००७, शुक्रवार

मृगाचा पहिला दिवस. कार्यक्रम यशस्वी. अत्यंत.

खराडीच्या तुळजाबाई आल्या होत्या. मुलगा हिंदुराव नव्या गाडीतून घेऊन आला. दोन वर्षांपूर्वी त्यांची जमीन आयटी पार्कला गेली, तेव्हा हा गृहस्थ घरातली पेरणीची पाभर एका रिसॉर्टवाल्याला द्यायला निघाला होता. हॉटेलच्या दारात शोभेला! मी खराडीच्या देवळात जाऊन पाऊण तास बोललो. शेवटी तुळजाबाई उठल्या आणि म्हणाल्या, मास्तरला देऊन टाका. पाभर आपल्या अवजार संग्रहालयात आली. त्यांची अट एकच होती. पाभरीवर जो लाकडी वाडगा असतो, ज्यात पेरणारीण मुठीतून बी सोडते, ते चाडं. चाळीस वर्षं त्या चाड्यावर मूठ यांची. तर दर मृगाला येऊन एकदा त्यावर मूठ धरू द्यायची. मी सगळ्या गावासमोर शब्द दिला की मी जिवंत आहे तोवर या पाभरीला ओरखडा येणार नाही.

यंदा मी मांडणीच बदलली. फरशीवर ठेवलेली पाभर म्हणजे इस्पितळातला पैलवान. म्हणून तीन टेम्पो काळी माती मागवून भिंतीलगत फूटभर उंच वाफा केला आणि त्यात पाभर उभी केली. माती जिवंत राहावी म्हणून शकू रोज सकाळी पाणी शिंपडते. हॉलभर वास. शकू आपल्याकडे तेवीस वर्षं झाडलोट करते, पण अशी कल्पना तिला कधी सुचली नाही.

तुळजाबाईंनी चिमूटभर माती बोटात चोळली आणि विचारलं, ही घरात कशापायी आणली? भाबडेपणा. भाषणात वापरण्यासारखा.

१७ जून, रविवार

शकूने ट्यूबलाइटखालून दोन सुपल्या पंख झाडून काढले. म्हणते, सर, ही वाळवीची पाखरं हाएत. मी तिला समजावलं की कीटक प्रकाशाकडे येतातच. समाजही चकचकाटाकडेच धावतो. हे वाक्य चांगलं आहे. टिपून ठेवलं.

२ जुलै, सोमवार

उत्कर्षा म्हणून एक मुलगी आजपासून दर सोमवारी येणार. जुन्या वस्तूंचं जतन कसं करायचं याचं रीतसर शिक्षण घेतलेली. वय सव्वीस. ट्रस्टींचा आग्रह. मी तिला संग्रहालयाची भूमिका समजावून सांगत होतो, तर ती बॅटरी घेऊन पाभरीमागे पालथी पडलेली.

भिंतीवर वाफ्यापासून वर गेलेली बोटभर रुंदीची मातीची रेघ तिने दाखवली. मी म्हणालो, गवंड्याचं राहिलेलं काम असेल. ती म्हणाली, गवंडी थापी खालून वर मारत खिडकीपर्यंत एकटी रेघ नेत नाही, सर. ही वाळवीची वाट आहे. उजेड आणि वारा लागू नये म्हणून ती वरून मातीचं छप्पर घालते.

मग यादी. माती आजच काढा. पाणी बंद. पाभर स्टँडवर, भिंतीपासून वीतभर लांब. पश्चिमेचा टाकीचा पाइप गळतो, तो दुरुस्त. इमारतीबाहेर जमिनीत वाळवीसाठी आमिषं पुरायची, म्हणजे ती स्वतःच औषध वारुळात नेते. दर सोमवारी बॅटरी घेऊन सगळं तपासायचं आणि वहीत लिहायचं. मात्र वस्तूंवर औषधाचा फवारा अजिबात नाही. लाकडाला डाग पडतात, जुना रंग जातो.

हे शेवटचं मी दोनदा लिहून घेतलं. फवारा नको! मी पंचवीस वर्षं परदेशी विषांविरुद्ध बोलतो आहे, तेच आज एका तज्ज्ञाने मान्य केलं. म्हणजे काही न करणं हेच शास्त्रीय. बाकीचे मुद्दे तपशिलाचे.

माती काढणं शक्य नाही. उद्घाटनाला मी त्या मातीवर अर्धा तास बोललो आहे.

संकल्प: दर सोमवारी सकाळी दहाला स्वतः तपासणी.

९ जुलै, सोमवार

तपासणी होऊ शकली नाही. बॅटरीत सेल नव्हते.

१६ जुलै, सोमवार

सेल आणले. बॅटरी घरी राहिली.

२३ जुलै, सोमवार

तपासणी उत्कर्षाने केली. मी खाली सही केली. नेतृत्व म्हणजे दुसरं काय?

१५ ऑगस्ट, बुधवार

झेंडावंदनानंतर कॉलनीत व्याख्यान: ‘वाळवी आणि जागतिकीकरण’. बाहेरून काही दिसत नाही, आतून घर पोकळ होतं, आणि ज्या दिवशी भिंतीला टेकायला जावं त्या दिवशी भिंत नसते. टाळ्या थांबेनात. आयटीतला एक तरुण डोळे पुसत होता. मंदाकिनी म्हणाली, अहो, त्याचे डोळे आलेत, कॉलनीत साथ आहे. माझ्या पत्नीला भाषणातलं काही कळत नाही असं नाही. तिला सगळंच कळतं, ही अडचण आहे.

घरी आल्यावर तिने विचारलं, आणि ती खरी वाळवी? तिचं काय केलंत? मी म्हणालो, लोकजागृती चालू आहे. ती म्हणाली, वाळवी जागीच आहे.

९ सप्टेंबर, रविवार

आज प्रत्यक्ष कृती. स्टीलची पट्टी घेऊन रेघ स्वतः खरवडून काढली. आत पांढरे बारीक जीव सैरावैरा. एका हाताने केलं, दुसरा हात कमरेवर. मोहीम फत्ते.

११ सप्टेंबर, मंगळवार

रेघ परत आली आहे. दोन आहेत.

१७ सप्टेंबर, सोमवार

उत्कर्षा म्हणते, रेघ मोडून पाहणं ही चाचणी असते. पुन्हा बांधली तर वारूळ जिवंत. इलाज नव्हे, चाचणी. मी विचारलं, निकाल काय? ती म्हणाली, वाळवी पास झाली, सर.

आजकालच्या मुलांना वडीलधाऱ्यांशी बोलायची रीत नाही. शिवाय तिने मला न विचारता शेजारचे दोन नांगर, एक मोट आणि दोन कुळव उचलून फरशीच्या मधोमध, लोखंडी स्टँडवर नेऊन ठेवले आहेत. मांडणीचा विचका. तिला लेखी समज दिली. पाभरीला मात्र हात लावू दिला नाही. पाभर आणि माती यांची ताटातूट मी होऊ देणार नाही.

ती म्हणाली, ठीक आहे, मग निदान पाणी तरी थांबवा. मी विचार करतो म्हणालो. केला. पाणी चालू ठेवलं.

२२ ऑक्टोबर, सोमवार

त्या भिंतीचा प्रश्न कायमचा सोडवला. बारा बाय आठ फुटांचा फ्लेक्स. हिरव्या पार्श्वभूमीवर माझंच वाक्य: ‘माती विकलीत, निदान तिचा वास विसरू नका’. खाली माझं नाव, लहान अक्षरांत. फार लहान झालं असं वाटतं. रेघा आता कुठूनही दिसत नाहीत.

उत्कर्षा फ्लेक्ससमोर बराच वेळ उभी होती. मला वाटलं वाचते आहे. म्हणाली, वाळवीला अंधार आणि निवांतपणा लागतो. तुम्ही तो बारा बाय आठचा दिलात.

पश्चिमेच्या पाइपबद्दल प्लंबरला फोन करणे. (उद्या.)

१९ नोव्हेंबर, सोमवार

पाइपबद्दल समिती नेमली. सदस्य: मी.

१४ जानेवारी २००८, सोमवार

उत्कर्षाने आज पाभरीच्या दिंडावर, म्हणजे त्या मुख्य आडव्या लाकडावर, बोटाच्या पेराने टकटक केलं. मग शेजारच्या नांगरावर. मला म्हणाली, ऐका. नांगराचा आवाज भरीव. पाभरीचा आवाज पुठ्ठ्याच्या खोक्यासारखा.

मी म्हणालो, बाभूळ वेगळी, साग वेगळा. ती म्हणाली, दोन्ही बाभळीचे आहेत.

मग तिने दाभण घेतला. लाकडात टेकवला. मी नको म्हणेपर्यंत तो मुठीपर्यंत आत गेला. जोर न लावता.

जुनं लाकूड मऊ होतंच. माणूसही होतो. ती म्हणाली, अजून बाहेर काढली तर निम्मी वाचेल, प्लॅस्टिकमध्ये बंद करून आतली हवा काढून घेते, फवारा लागणार नाही. मी म्हणालो, जूनपर्यंत थांब. मृगाला तुळजाबाईंना ती मातीतच दिसली पाहिजे.

तिने वहीत लिहिलं. मी सही केली नाही.

३ मार्च, सोमवार

आज लिहायला नको वाटतं. पण शिस्त म्हणजे शिस्त.

शाळेची सहल आली होती. शकू कुंचल्याने चाड्यावरची धूळ काढत होती. चाड्याचा काठ तिच्या हातात आला. भाजक्या पापडासारखा. मागोमाग उरलेलं चाडं बसलं. आत लाकूड नव्हतं, मातीचे पापुद्रे होते.

मी शकूवर ओरडलो. साठ मुलांसमोर. काय काय बोललो ते आठवत नाही. आवाज चांगला लागला होता एवढं आठवतं. गुडघ्यावर बसून पदरात तुकडे गोळा करत राहिली. एका मुलीने तिला मदत केली.

दुपारी उत्कर्षाने पाभर आडवी केली. दिंड या टोकापासून त्या टोकापर्यंत पोकळ. फण तेवढे लोखंडाचे म्हणून शाबूत. वरचा पातळ पापुद्रा मात्र जसाच्या तसा, तेल दिल्यासारखा. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नव्हतं. मी तसं म्हणालो. उत्कर्षा म्हणाली, हो सर, तुमच्याच व्याख्यानात होतं ते.

आणि शकूच्या हाताची गरज नव्हती, म्हणाली. कुणी शिंकलं असतं तरी चाललं असतं.

तिने हलवलेले नांगर, मोट आणि कुळव तपासले. एकालाही काही झालेलं नाही.

शकूची माफी मागायची. उद्या पहिलं काम.

४ मार्च, मंगळवार

शकू रजेवर.

५ मार्च, बुधवार

शकू आली. पाहुणे होते. एकांत मिळाला नाही.

१० मार्च, सोमवार

उत्कर्षाने माणसं लावून माती काढायला घेतली. मी अडवलं नाही, पण निम्मी ठेवायला लावली. मृगाला लागेल. पाइप दुरुस्त झाला. अर्धा तास लागला. बाहेर जमिनीत आमिषं पुरली. माझं मत विचारलं नाही.

६ एप्रिल, रविवार

गुढीपाडवा. नव्या वर्षाचा संकल्प: तुळजाबाईंना सगळं खरं सांगायचं. पत्राने. लेखी शब्दाला वजन असतं.

मसुदा पहिला: अकरा पानं. त्यातली नऊ आर्थिक धोरणावर. मंदाकिनीला वाचून दाखवला. तिने विचारलं, पाभर कितव्या पानावर मेली?

मसुदा दुसरा: चार पानं. तरी पाभर येत नाही.

मसुदा तिसरा: ‘सप्रेम नमस्कार. कळवण्यास अत्यंत दुःख होते की’. इथे थांबलो. शिवाय त्यांना वाचता येत नाही. हिंदुराव वाचून दाखवणार. त्यापेक्षा समक्ष जावं.

२० एप्रिल, रविवार

खराडीला समक्ष गेलो. सोसायटीच्या फाटकावर वॉचमनने कुणाकडे, कशासाठी, असं विचारलं. वहीत कारणाच्या रकान्यात मी ‘सत्य’ लिहिलं. त्याने खोडून ‘पर्सनल’ केलं.

सातवा मजला. तुळजाबाई एकट्याच होत्या. चहा त्यांनीच केला, कपात, आणि मला बशी वेगळी दिली. बसा मास्तर म्हणाल्या. स्वतः खाली फरशीवर. सोफ्यावर बसलं की पाय लोंबत्यात, म्हणाल्या.

मग मला खिडकीशी नेलं. समोर सगळ्या काचा. त्यांनी बोट दाखवलं. त्या दुसऱ्या बिल्डिंगीचा कोपरा हाय का, तिथं आमची विहीर. तिथून हिकडं येत मालक बैलं हाकायचे आन् मी मूठ धरायची. आता नातू तिथंच कामाला हाय. गळ्यात पट्टा घालून जातो. मी म्हणलं बाबा, आपल्याच रानात जायला पट्टा कशाला? तर हसतो.

मी सांगायला तोंड उघडलं. जागतिकीकरणावर बोललो. वीस मिनिटं असावं. त्या ऐकत होत्या. मधे एकदा पंखा मोठा केला.

निघताना त्यांनी विचारलं, पाभर बरी हाय न्हवं?

मी म्हणालो, ठणठणीत.

त्या म्हणाल्या, तेवढं एकच राह्यलंय बघा, मास्तर. बाकी समदं कागदावर हाय.

२१ एप्रिल, सोमवार

कालच्या भेटीवर विचार केला. ऐंशीच्या बाईला धक्का देणं हा सत्याचा आग्रह नव्हे, क्रौर्य आहे. मी थांबलो ते करुणेपोटी. इतिहासात याला दाखले आहेत. शोधून काढतो.

४ मे, रविवार

मार्ग सापडला!

लोणी काळभोरला संभाजी म्हणून सुतार आहे. त्याचे आजोबा पाभरी करायचे. उत्कर्षाने काढून ठेवलेले फोटो आणि मापं त्याला दिली. जुनी बाभूळ त्याच्याकडे आहे. जुनेच फण बसवायचे. म्हणजे लोखंड मूळचं, आकार मूळचा, मापं मूळची. फक्त लाकूड बदललं. माणसाच्याही शरीरातलं सगळं दर काही वर्षांनी बदलतं असं वाचलं आहे. माणूस तोच राहतो.

संभाजी म्हणाला, करून देतो, पण सर, म्हातारीला सांगितलंय का? मी म्हणालो, योग्य वेळी. तो म्हणाला, मापं फोटोत येत्यात. हात येत न्हाय.

कारागीर आणि तत्त्वज्ञान. वेगळा लेख होईल.

२ जून, सोमवार

नवी पाभर आली. चहाचं पाणी, जवसाचं तेल आणि थोडी काजळी लावून संभाजीने तिला पन्नास वर्षांची केली. मी स्वतः फसलो. क्षणभर वाटलं, काही झालंच नव्हतं.

उत्कर्षा म्हणाली, काम सुरेख आहे, पण पाटीवर ‘प्रतिकृती’ लिहिलं पाहिजे. मोठ्या अक्षरांत. आणि आजींना आधी सांगितलं पाहिजे. मी म्हणालो, पाटी लावू. नंतर. ती म्हणाली, मग मी रविवारी येत नाही, सर. वस्तू गेली हे लिहिणं माझं काम आहे. ती गेली नाही असं दाखवणं नाही.

कठोर पिढी. पाटी केली आहे. समारंभात तिच्यावर झेंडूची माळ येईल.

८ जून, रविवार

मृग. यश! संपूर्ण यश!

तुळजाबाई आल्या. हिरवं लुगडं. हिंदुराव मोबाइलवर बोलत बाहेरच थांबला. त्यांनी पाभरीला हळद-कुंकू वाहिलं. ओटीतून बाजरी काढली आणि चाड्यावर मूठ धरली. त्यांनी डोळे मिटले. अंगठ्याने चाड्याचा काठ एकदा इकडून, एकदा तिकडून चाचपला. मग नेहमीसारखं थोडं थोडं बी सोडलं. शेवटपर्यंत.

ओळखलं नाही! चाळीस वर्षांचा हात, आणि ओळखलं नाही. मला संभाजीचं कौतुक वाटलं, आणि थोडं माझंही.

मग मी बोललो. आयुष्यातलं सर्वोत्तम भाषण. श्रद्धा, वारसा, शब्द पाळणं. तुळजाबाई माझ्याकडे एकटक पाहत होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. जाताना माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, घरी जाऊन जरा पडा, मास्तर.

मंदाकिनीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, पाठीवरून हात फिरवला? मी म्हणालो, कृतज्ञतेने. ती भाजी निवडत राहिली.

९ जून, सोमवार

हिंदुरावाचा फोन. आई पुढच्या वर्षापासून यायचं नाही म्हणते. मी म्हणालो, गुडघ्यांचा त्रास असेल तर मी स्वतः गाडी घेऊन येईन. तो म्हणाला, गुडघ्याचं न्हाय ओ सर. मग कशाचं, तर म्हणे, मला बी सांगत न्हाय.

वय झालं. समजू शकतो.

१० जून, मंगळवार

शकू टेबलापाशी येऊन उभी राहिली. हातात केरसुणी तशीच. म्हणाली, सर, सांगू नको म्हणल्या होत्या, पण मला राहवत न्हाय.

परवा, मी बोलायला उभा राहण्याआधी, बाजरीचे सांडलेले दाणे वेचायला ती वाफ्याशी वाकली होती. तुळजाबाईही वाकल्या. हळूच विचारलं, आमची कवा गेली गं? शकू आधी दाणे वेचत राहिली. मग सांगितलं. मार्चात. वाळवीनं. तुळजाबाई म्हणाल्या, मूठ धरल्या धरल्या कळलं. मग शकूने विचारलं, सरांना बोलावू का? तर नको म्हणाल्या. म्हणाल्या, मास्तर लई दिवसांचा झुरलेला दिसतोय. बोलू दे त्याला. मला कळलंय म्हणून सांगू नगंस.

शकूला मी विचारलं, माझ्यावर रागावल्या होत्या का? शकू म्हणाली, न्हाय. पदरात थोडं पापुद्रं मागून घेतलं. मी मार्चात गोळा केलं हुतं ते डब्यात ठेवलं हुतं. तेच दिलं.

मग ती गेली. हॉल झाडायचा होता.

मी परवाच्या भाषणाची कॅसेट लावली. लांबी पाहायला. मला वीस मिनिटं वाटली होती. बावन्न निघाली. मधे मधे कुणाचा तरी खोकला आहे. म्हातारा, बायकी. अगदी जवळून, मायक्रोफोनपाशी उभ्या असलेल्या माणसाचा यावा तसा.

पाहुण्यांच्या खुर्च्या पहिल्या रांगेत होत्या. ट्रस्टी बसले होते, संभाजी बसला होता.

तुळजाबाईंना खुर्ची द्यायची राहून गेली.